तापलेले तेल

भंडाऱ्याच्या जिल्हा कचेरीच्या आवारात आणि तालुक्यातालुक्यांच्या विश्रामगृहांच्या दारात ज्या पांढऱ्या अँबेसडर गाड्या एके काळी दिवसचे दिवस उभ्या असत, आणि ज्यांच्या बॉनेटखाली डोके घालून उभा असलेला सरकारी चालक हे दृश्य सर्वांच्या इतके अंगवळणी पडले होते की त्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नसे, त्या गाड्यांच्या कुळाची चौकशी त्या काळी फारशी कोणी केली नाही. ती केली असती तर एक गमतीची गोष्ट उघडकीस आली असती. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेल्या आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीत आरंभीचे जुन्या धर्तीचे इंजिन जाऊन लवकरच जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आले, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरीज’ या घराण्यातले होते. आणि याच घराण्याचे, याच क्षमतेचे इंजिन इंग्लंडात अ‍ॅबिंग्डन येथे १९५५ पासून बनणाऱ्या एमजीए या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये बसवले जात होते. म्हणजे कलेक्टरसाहेबांना लाखांदूरच्या दौऱ्यावर नेणारी आणि शर्यतीच्या मैदानावर धूळ उडवणारी, अशा या दोन गाड्या हृदयापुरत्या सख्ख्या चुलत बहिणी होत.

स्पोर्ट्स कार हा प्रकार आपल्याकडे विरळच राहिला, त्याला कारणही सरकारी धोरणाचे. मुंबईत शिवडीला १९२८ पासून परदेशी सुट्या भागांची जुळणी करून गाड्या विकणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ च्या सुमारास आपले बिऱ्हाड गुंडाळले, कारण संपूर्ण गाडी देशातच बनवण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना येथे स्थान राहिले नव्हते; आणि आयातीवरचे निर्बंध उत्तरोत्तर इतके आवळले गेले की हौसेची परदेशी गाडी ही वकिलातींच्या लिलावातून, संस्थानिकांच्या तबेल्यातून किंवा परदेशातून परतलेल्या एखाद्याच्या सामानासोबतच मिळायची. तथापि कल्पना करू या की साठीच्या दशकातली एक एमजीबी, म्हणजे एमजीएची १९६२ साली जन्मलेली धाकटी बहीण, अशाच एखाद्या वाटेने वैनगंगेच्या काठी येऊन पोहोचली आहे. तिचे इंजिन तेच बी-सीरीजचे, मात्र १७९८ घनसेंटिमीटरपर्यंत वाढवलेले. शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती, म्हणजे अँबेसडरच्या जवळजवळ दुप्पट. भंडाऱ्यातल्या ज्या वयस्क मिस्त्रींनी उभी हयात अँबेसडर उघडण्यात घालवली, त्यांना हे इंजिन परके वाटण्याचे कारण नाही. परके आहे ते इतकेच की रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे, एक पातळशी आडवी पेटी आणि तिला जोडलेले दोन जाड होजपाइप दिसतात, किंवा दिसायला हवे होते आणि पूर्वीच्या मालकाने ते काढून टाकलेले आहेत. हा ऑइल कूलर. तो बसवावा की नाही, बसवायचा तर कसा, आणि मुख्य म्हणजे भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तो बसवण्यापूर्वी कोणत्या गोष्टीची खातरजमा करावी, हा या प्रकरणाचा विषय होय.

इंजिनातले तेल हे केवळ घासणारे भाग बुळबुळीत ठेवण्यासाठी असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा सिद्ध होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १८८३ साली बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर काही प्रयोग केले. त्या प्रयोगात आसाचा खालचा भाग तेलात बुडलेला होता, आणि बेअरिंगच्या वरच्या बाजूस तेल सोडण्यासाठी एक छिद्र पाडलेले होते. पण आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेर येऊ लागले. टॉवरने छिद्रात बूच ठोकले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तिचीही तीच गत झाली. अखेर त्याने तेथे दाबमापक लावला, तेव्हा काटा चौरस इंचास दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार तर त्याच्या निम्माच होता! आस धातूवर टेकलेला नसून स्वतःच्या फिरण्याने ओढून आणलेल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, ही गोष्ट त्या उडालेल्या खुंटीने उघड केली. तिचे गणित १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स याने मांडले. आणि ते मांडताना त्याला प्रथम ऑलिव्ह तेलाची दाटी तापमानानुसार कशी बदलते याचे मोजमाप करावे लागले, कारण त्यावाचून टॉवरच्या आकड्यांचा मेळ बसेना. आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे. थर टिकतो तो तेलाच्या दाटपणावर, आणि दाटपणा टिकतो तो तापमानावर.

आता हे तापमान येते कोठून? जुन्या पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेमतेम पाव ते तृतीयांश ऊर्जा प्रत्यक्ष कामी येते; बाकीची काही धुरावाटे आणि काही रेडिएटरच्या पाण्यावाटे बाहेर टाकली जाते. पण पाणी सर्वत्र पोहोचत नाही. सिलिंडरभोवती आणि डोक्यात त्याचा संचार असतो; पिस्टनच्या पोटाखाली, क्रँकच्या बेअरिंगांत, झडपांच्या दांड्यांपाशी मात्र पोहोचते ते तेलच. तेथली उष्णता उचलून खालच्या चेंबरमध्ये आणण्याचे काम त्याच्याकडे असते, आणि चेंबरच्या पत्र्याला जो काही वारा लागेल तेवढ्यावर ती उष्णता बाहेर पडते. अँबेसडरसारख्या संथ गाडीत हा बंदोबस्त पुरेसा होतो. तेच इंजिन दुप्पट शक्तीने आणि मिनिटास पाच हजारांहून अधिक फेऱ्यांनी पळवले की उष्णतेची आवक वाढते आणि चेंबर मात्र साधारण तेवढाच राहतो. एमजीबीच्या चेंबरमध्ये सुमारे सव्वाचार लिटर तेल मावते, आणि या सव्वाचार लिटरांवर सगळ्या क्रँकची भिस्त असते.

या गाड्यांसाठी जे २०डब्ल्यू-५० दर्जाचे तेल सर्रास वापरले जाते, त्यातील ‘५०’ या आकड्याची व्याख्या शंभर अंश सेल्सियसला केलेली आहे. त्या तापमानाला त्याची श्यानता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स यांच्या दरम्यान असली पाहिजे. तेच तेल चाळीस अंशांना याच्या आठनऊ पट दाट असते, आणि एकशे तीस अंशांना साधारण निम्मे पातळ होते, म्हणजे डब्यावर पन्नास छापलेले असले तरी बेअरिंगच्या दृष्टीने ते विसाच्या पंक्तीला जाऊन बसते. शिवाय तेलाचा हवेशी संयोग होऊन ते काळवंडण्याची, चिकट होण्याची क्रिया दर दहा अंशांमागे साधारण दुपटीने वाढते, असा रसायनशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. शंभर अंशांवर सहा महिने टिकणारे तेल एकशे तीसवर किती टिकेल याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. तीनदा निम्मे करावे लागते, एवढेच सांगतो.

इथवरचा युक्तिवाद ऐकून कोणीही म्हणेल की मग भंडाऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे ऑइल कूलर हवाच. येथे मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण इंग्लंडातील पुस्तकांच्या हवाल्याने चालणाऱ्या हौशी मंडळींची दिशाभूल नेमकी याच ठिकाणी होते. कोणत्याही कूलरमधून बाहेर पडणारी उष्णता ही आतील द्रव आणि बाहेरील हवा यांच्या तापमानातील अंतराच्या प्रमाणात असते. विदर्भातल्या घरोघरीच्या कूलरला हा नियम तसा लागू नाही. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे खोलीतली हवा बाहेरच्या हवेहून थंड करू शकतो. गाडीतला कूलर कोरडा असतो, आणि आतल्या द्रवाला तो बाहेरच्या हवेखाली कधीच नेऊ शकत नाही. आता हिशेब पाहा. तेल १२० अंशांवर आणि हवा इंग्लंडातल्या २० अंशांवर असेल तर अंतर शंभराचे. हवा भंडाऱ्यातल्या ४६ अंशांवर असेल तर चौऱ्याहत्तराचे. म्हणजे तोच कूलर येथे तीनचतुर्थांश काम करणार. पण रेडिएटरातले पाणी ९० अंशांवर धरले तर तेथे अंतर सत्तराचे आणि येथे अवघे चव्वेचाळिसाचे, म्हणजे काम त्रेसष्ट टक्क्यांवर उतरले. उन्हाची झळ तेलापेक्षा पाण्याला अधिक लागते, असा याचा अर्थ. महामार्गालगतच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला असा प्रश्न घातला तर तो कोणतेही गणित न मांडता हेच सांगतो: “तेल नंतर तापते जी, पहिले पाणी तापते.”

आणि ऑइल कूलर बसवण्याची रूढ जागा कोणती? रेडिएटरच्या अगदी समोर. समजा मिनिटाला दहा लिटर तेल कूलरमधून जात आहे आणि त्याचे तापमान वीस अंशांनी उतरत आहे. तेलाचे वजन लिटरमागे साधारण साडेआठशे ग्रॅम आणि एक किलो तेल एका अंशाने तापवण्यास सुमारे दोन किलोज्यूल लागतात, हे धरले तर सेकंदास साडेपाच किलोज्यूलहून अधिक, म्हणजे साडेपाच किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता समोरच्या हवेत सोडली जाते. एक किलोवॅटच्या पाच विजेच्या शेगड्या पेटवून रेडिएटरच्या तोंडासमोर ठेवाव्यात, तसा हा प्रकार. त्या भागातून सेकंदाला अर्धा किलो हवा वाहत असेल तर ती अकरा अंशांनी तापून रेडिएटरवर जाते. ४६ अंशांची हवा ५७ अंशांची होते, आणि पाण्याच्या वाट्याचे चव्वेचाळिसाचे अंतर त्या पट्ट्यात तेहतिसावर येते. ज्या गाडीचे पाणी आधीच उकळीच्या काठावर आहे तिला ऑइल कूलर बसवणे म्हणजे एका रोग्याचे पथ्य दुसऱ्याला उपाशी ठेवून पाळणे होय.

म्हणून माझ्या मते पहिला क्रम रेडिएटरचा. त्याच्या पितळी नळ्यांत वर्षानुवर्षांच्या खाऱ्या पाण्याचा थर साचलेला असतो, तो साफ करून घ्यावा. पंख्याभोवतीचे आवरण, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि इग्निशनची वेळ तपासावी, कारण ठिणगी उशिरा पडणारे इंजिन विनाकारण तापते. दुसरा क्रम मोजणीचा. या गाड्यांच्या फळीवर पाण्याच्या तापमानाचा आणि तेलाच्या दाबाचा काटा असतो, तेलाच्या तापमानाचा नसतो. आणि मालक मंडळी दाबाचा काटा खाली आला की तेल तापले असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. दाब झिजलेल्या बेअरिंगमुळेही उतरतो, पंपाच्या झिजेमुळेही, आणि दाब सोडणाऱ्या झडपेखाली कचरा अडकला तरीही. एमजीबीच्या निर्मात्यांनी धावत्या गाडीस चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि उभ्या गाडीस १० ते २५ पौंड अशी मर्यादा सांगितलेली आहे; उभ्या गाडीचा काटा पंधरावर पाहून ज्यांचा जीव खालीवर होतो त्यांनी ही मर्यादा वाचलेली नसते. चेंबरच्या तळाच्या बोल्टाच्या जागी तापमानाचा संवेदक बसवून घेणे हे लेथवाल्याचे तासाभराचे काम आहे. तो बसवावा, आणि मे महिन्याच्या एखाद्या दुपारी भंडाऱ्याहून साकोलीपर्यंतचा रस्ता, म्हणजे नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड, ज्याला सरकारदफ्तरी आधी राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आता ५३ असा क्रमांक मिळाला आहे, तो एका स्थिर वेगाने कापावा. पाण्याला आपले तापमान गाठण्यास दहापंधरा मिनिटे लागतात, तेलाला त्याहून बरीच अधिक. गावातल्या गावात फेरी मारून घेतलेल्या नोंदीला म्हणून काही किंमत नाही. साकोली येईतो काटा १०० ते ११० वर स्थिरावला तर कूलर विकत घेण्याचा विचार सोडून द्यावा आणि ते पैसे टायरांवर खर्च करावेत. तो १२० ओलांडून चढतच राहिला, तरच पुढचा मजकूर वाचावा.

कूलर ही वस्तू दिसायला क्षुद्र, पण तिच्या रचनेमागे एक अडचण आहे. तेल हे उष्णतेचे वाईट वाहक आहे; पाण्याच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता पाचव्या हिश्शाच्या आसपास. जाड नळीतून ते वाहू लागले की कडेचा थर थंड होऊन चिकटून बसतो आणि मधले गरम तेल तसेच निघून जाते. म्हणून त्याला चपट्या, अरुंद वाटांतून घुसळत न्यावे लागते आणि त्या वाटांच्या मधल्या जागेत पातळ पन्हाळी पत्र्याच्या पट्ट्या भराव्या लागतात. एमजीबीच्या मूळ कूलरमध्ये अशा तेरा ओळी असतात. अधिक ओळींचे कूलर बाजारात मिळतात, आणि ‘मोठा तो चांगला’ या न्यायाने ते खपतातही. त्याचा समाचार पुढे घेऊ.

भंडारा हा पितळेचा गाव. येथल्या कासारांनी घडवलेली भांडी मध्य प्रांतभर नावाजलेली होती. डाख लावून पितळेचा सांधा बेमालूम जोडण्याची ही विद्या मोटारीच्या युगातही कामास आली असती यात शंका नाही, कारण जुने रेडिएटर हे मूलतः पितळी नळ्या आणि तांब्याच्या पट्ट्या यांना डाखाने जोडूनच बनत. तांब्याची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक, आणि पितळेची शुद्ध तांब्याच्या तृतीयांशाच्या आसपास, तरीही घडणीला आणि दुरुस्तीला ते सोपे म्हणून टिकून राहिले. पोर्शेसारख्या कंपनीनेही आपल्या काही ९११ एससी गाड्यांच्या पुढच्या चाकाच्या कोनाड्यात पट्ट्यांचा कूलर न बसवता नुसती वळणे घेतलेली पितळी नळी तेल थंड करण्यासाठी बसवली होती. पण यावरून एखाद्या जुन्या रेडिएटरचा तुकडा कापून त्याचा ऑइल कूलर करून घेण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरावा. रेडिएटरच्या डाखाला वातावरणाच्या एकपट दाब सोसायचा असतो. तेलाचा दाब त्याच्या चारपाच पट, आणि थंड सकाळी इंजिन सुरू करण्याच्या क्षणी त्याहूनही चढा. असा सांधा रस्त्यात उकलला तर काय होते ते पुढे सांगतोच. आजचे कूलर भट्टीत जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात, ते येथे झाळता येत नाहीत. कासाराच्या किंवा पत्रेवाल्याच्या हातून करून घ्यावे ते वाऱ्याला वाट दाखवणारे पत्र्याचे पडदे.

या पडद्यांचे महत्त्व हौशी लोकांच्या ध्यानात येत नाही. हवा ही आळशी असते. कूलरच्या दाट जाळीतून घुसण्यापेक्षा त्याच्या कडेने निसटणे ती पसंत करते. पुढून शिरलेल्या हवेला कडेच्या फटी बुजवून कूलरमधूनच जाण्यास भाग पाडावे, आणि मागे बाहेर पडण्यासही मोकळी जागा ठेवावी. भंडाऱ्याच्या हवेत मी कूलरला रेडिएटरसमोर बसवण्यापेक्षा खाली, बंपरच्या मागे, एका बाजूस जागा देईन, मग त्यासाठी होजपाइप वीतभर लांब झाला तरी चालेल. एकाची उष्णता दुसऱ्याच्या माथी मारण्याचे दुष्परिणाम किती दूरवर पोहोचतात याचा दाखला फोक्सवॅगन बीटल या हवेने थंड होणाऱ्या गाडीने दिलेला आहे: तिचा ऑइल कूलर पंख्याच्या पेटीतच उभा असे, त्याच्या आडोशाला आलेल्या तिसऱ्या सिलिंडरला तापलेली आणि अपुरी हवा मिळे, आणि तोच सिलिंडर आधी निकामी होई. १९७१ च्या सुमारास कंपनीने कूलरला स्वतंत्र कोनाडा करून दिला तेव्हा ही व्याधी हटली. खाली बसवलेल्या कूलरला दगडांचा धोका असतो, आणि तुमसरकडच्या रस्त्यांवर तर मँगनीजच्या ट्रकांतून सांडलेल्या खड्यांचाही; समोर तारेची जाळी लावली की तो बराच टळतो. कूलरची दोन्ही तोंडे वरच्या बाजूस ठेवावीत म्हणजे आत हवा कोंडून राहत नाही. आणि तो गाडीच्या सांगाड्याशी थेट आवळू नये; रबराच्या गट्ट्यांवर बसवावा, नाहीतर इंजिनाची थरथर अ‍ॅल्युमिनियमला महिन्यागणिक थकवत नेते आणि एक दिवस कानापाशी चीर पडते.

तेल कोठून घ्यायचे, हा प्रश्न बी-सीरीजच्या रचनेने सोपा करून ठेवला आहे. पंपाने उचललेले तेल या इंजिनात ठोकळ्याच्या मागील बाजूने बाहेर येते, बाहेरच्या एका नळीतून फिल्टरकडे जाते, आणि तेथून मुख्य वाहिनीत शिरून बेअरिंगांना मिळते. ही नळी काढून तिच्या जागी दोन होजपाइप लावले, एक ठोकळ्याकडून कूलरला आणि दुसरा कूलरकडून फिल्टरला, की काम झाले. ज्या इंजिनांना ही सोय नाही आणि ज्यांचा फिल्टर आख्ख्या डब्यासकट फिरवून लावायचा असतो, त्यांच्यासाठी फिल्टर आणि ठोकळा यांच्यामध्ये बसणारी चकती मिळते. मात्र चकती मागवण्यापूर्वी फिल्टरच्या खुंटीचे आटे मोजून घ्यावेत. इंग्रजी गाड्यांत पाऊण इंची, इंचाला सोळा आट्यांची खुंटी पुष्कळदा आढळते, मेट्रिक खुंटीची चकती तिच्यावर अर्धा फेरा बसल्यासारखी वाटते, आणि मग जोर लावणाऱ्याच्या हातात आटे गेलेली खुंटी उरते.

चकतीत किंवा स्वतंत्र जोडात एक गोष्ट अवश्य असावी, ती म्हणजे थर्मोस्टॅट. एमजीबीच्या मूळ कूलरला तो नव्हता, आणि थंडीत इंग्रज मालक कूलरवर पुठ्ठा किंवा कातडी झाकण बांधत. हा उपाय आपल्याकडे उपहासाचा विषय होऊ नये, कारण भंडाऱ्याचा उन्हाळा जितका प्रसिद्ध आहे तितकाच पौष-माघातला पहाटेचा गारठा अनुल्लेखित आहे. तलावांच्या या जिल्ह्यात पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि त्यातला अल्पसा अंश पिस्टनच्या कड्यांवरून चेंबरमध्ये उतरतोच. तेल शंभर अंशांजवळ तापले तरच ते पाणी उडून जाते. साठ अंशांवर सदैव गारठवलेले तेल पाण्याशी घुसळून पांढुरके, आम्लयुक्त होते, आणि बेअरिंगचे पृष्ठभाग त्याने कोरले जातात. पंचवीस ओळींचा दिमाखदार कूलर लावून पहाटे मोहाडीपर्यंत जाऊन परत येणारा माणूस म्हणजे तापलेल्या तेलापेक्षाही वाईट तेल विकत घेणारा माणूस होय. थर्मोस्टॅट सुमारे ८० अंशांपर्यंत तेलाला कूलर वगळून परस्पर पाठवतो आणि पुढे हळूहळू वाट उघडतो. चांगल्या बनावटीचा थर्मोस्टॅट बंद असतानाही थोडे तेल कूलरमधून सोडत राहतो, म्हणजे वाट उघडल्या क्षणी थंड घट्ट तेलाचा गोळा एकाएकी आत येत नाही.

जड डिझेल इंजिनांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. लाखनीजवळ गडेगाव येथे १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, त्यामुळे ट्रकच्या अंतरंगाशी या भागातील पुष्कळांचा परिचय असतो. आणि ट्रकमधला ऑइल कूलर हवेने नव्हे तर इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. त्यात एक खुबी अशी की पहाटे पाणी तेलाआधी तापते, म्हणून तेच तेलाला उबही देते. उणीव अशी की आतला पडदा फुटला तर रेडिएटरात तेल येते. स्पोर्ट्स कारला हा प्रकार वजनापायी सहसा लावत नाहीत. पण ज्याला आपली गाडी शर्यतीस न्यायची नसून निव्वळ साकोलीस न्यायची आहे, त्याने त्याचा विचार करण्यास हरकत नाही, फक्त रेडिएटर तेवढा दमदार हवा.

आता होजपाइप. या सगळ्या योजनेतील सर्वांत दुबळा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. वर धरलेल्या मिनिटाला दहा लिटरांच्या हिशेबाने, एखादा होज निसटला तर सव्वाचार लिटरांचा चेंबर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. चालकाचे लक्ष दाबाच्या काट्याकडे जाईपर्यंत क्रँक बेअरिंगवर टेकलेला असतो, आणि जिवापाड जपलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे दोराने बांधून घरी येते. म्हणून रेडिएटरचा किंवा पेट्रोलचा होज येथे चालणार नाही. तेल सोसणाऱ्या रबराचा, आत तारेचे विणकाम असलेला, दोन्ही टोकांना कारखान्यात दाबून बसवलेले जोड असलेलाच होज हवा; त्याला क्लिप आवळून भागवू नये. त्याचे वळण गोलाईचे असावे, सायलेन्सरच्या नळीपासून तो हातभर दूर जावा, आणि पत्र्यातून जिथे पार होतो तिथे रबरी कडे असावे. इंजिन आपल्या रबरी बैठकीवर डोलते आणि कूलर जागच्या जागी असतो. होज ताठ ओढून बसवला तर हा डोल त्याच्या टोकांवर येतो. जोड आवळताना दोन पाने घ्यावेत: एकाने कूलरचे तोंड धरून ठेवावे आणि दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर लावला की पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतून ते तोंडच पिळून निघते, आणि या एका घाईपायी नवे कोरे कूलर भंगारात जातात. बँजो बोल्टाचे तांब्याचे वायसर दरवेळी नवे घ्यावेत, किंवा जुने लाल तापवून मऊ करून घ्यावेत. हे काम कासाराच्या भट्टीपाशी दोन मिनिटांत होते.

जुना कूलर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. ज्या इंजिनाचे बेअरिंग गेले त्याचा कूलर धातूच्या कणांनी भरलेला असतो, आणि त्या अरुंद वाटांतून ते कण धुऊन सगळे काढणे शक्य नसते. कूलर फिल्टरच्या आधी जोडलेला असेल तर ते निदान फिल्टरमध्ये अडकण्याची आशा असते. पण थंड तेलाने फिल्टर चोंदला की त्याची बाजूची झडप उघडते आणि गाळलेले-न गाळलेले सगळेच पुढे जाते. नवा होजसुद्धा आतून धुऊन घ्यावा, कापताना राहिलेला रबराचा चुरा त्यात असतोच.

बसवून झाल्यावर पहिला प्रारंभ सबुरीने करावा. कूलर आणि होज शक्य तितके तेलाने आधी भरून घ्यावेत, स्पार्क प्लग काढून टाकावेत म्हणजे इंजिनावर दाबाचा भार राहत नाही, आणि इग्निशनची तार सोडून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे. दाबाचा काटा हलेपर्यंत प्लग परत लावू नयेत. मग इंजिन चालू करून एखाद्याला काट्यापाशी बसवावे आणि स्वतः खाली वाकून प्रत्येक जोड पाहावा. बंद केल्यावर तेलाची पातळी पुन्हा भरावी. तेरा ओळींच्या कूलरमध्ये अर्ध्या लिटरच्या आतबाहेर तेल राहते, आणि ते न धरता ‘चेंबर भरला’ असे समजणाऱ्याचा चेंबर तेवढा उणा असतो.

कायद्याच्या बाजूने काही विचारले जाते म्हणून थोडक्यात सांगतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची तजवीज केली, आणि ती मिळवायची तर चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. एमएच ३६ हा भंडाऱ्याचा नोंदणी क्रमांक मिरवणाऱ्या एखाद्या जुन्या गाडीच्या मालकाने अशा अर्जापूर्वी कूलर काढून ठेवावा काय? माझ्या मते त्याची गरज नसावी. ठोकळ्याला नवे छिद्र पाडलेले नाही, मूळ नळी जपून ठेवली आहे, आणि एमजीबीच्या बाबतीत तर खुद्द कंपनीनेच हा भाग दिलेला होता. तरीही मूळ नळी, तिचे जोड आणि जुने वायसर एका पिशवीत चिठ्ठी लावून गाडीतच ठेवावेत; तपासणी अधिकाऱ्याला शब्दापेक्षा वस्तू लवकर पटते, आणि रस्त्यात कूलर गळू लागला तर तीच नळी लावून गाडी स्वतःच्या बळावर घरी आणता येते.

वापर सुरू झाल्यावर देखभाल थोडीच, पण येथल्या ऋतूंना धरून. चैत्रवैशाखात धूळ, मळणीच्या दिवसांत तणसाचा भुसा. आणि आश्विन-कार्तिकात, धान निसवून पिकू लागले की, रात्री गाडीच्या दिव्यांवर तुडतुड्यांचे थवे झेपावतात व कूलरच्या जाळीत चिणून बसतात. पवनीकडच्या धानपट्ट्यातून एक रात्रीचा प्रवास केला तरी सकाळी अर्धी जाळी बंद झालेली असते. ती दाबाच्या पाण्याने समोरून झोडपू नये, पातळ पट्ट्या वाकतात. मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने आणि मऊ ब्रशाने धुवावी. तापमानाचा संवेदक मात्र काढून टाकू नये. कूलर बसवल्यानंतरही साकोलीपर्यंतची तीच फेरी, त्याच वेगाने, मे महिन्यातच पुन्हा एकदा करावी. आणि या खेपेला दोन्ही काटे पाहावेत, तेलाचा उतरला की नाही हे, आणि पाण्याचा चढला की नाही हेही.